सोंग आणि सोंगटी

शुक्रवारची दुपार कलली म्हणजे ऊद मेथाच्या रस्त्यांना निराळाच रंग चढतो. शाळा लवकर सुटलेल्या असतात. इंडियन हायस्कूलच्या भिंतीलगतची मोटारींची रांग ओसरलेली असते आणि चर्चकडे जाणाऱ्या माणसांची रीघ सुरू झालेली असते. मेट्रोचे स्थानक दर काही मिनिटांनी माणसांचा एक नवा घोळका रस्त्यावर आणून सोडते. अशाच एका संध्याकाळी तेथील एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर जेवणाच्या टेबलाभोवती चार-पाच मुले डोके घालून बसलेली असत. समोर कागद, पेन्सिली, केळ्याच्या वेफर्सची परात आणि वीस बाजूंचा एक निळा फासा. फासा टेबलावर घरंगळला की क्षणभर सारे श्वास रोखीत, आणि मग एकदम हलकल्लोळ उठे.

फाशांचा हा आवाज हिंदू घराला मुळातच अप्रिय. युधिष्ठिराने राज्य, भाऊ आणि पत्नी ज्या पटावर घालविली, त्या पटाची आठवण पिढ्यान्पिढ्या पुसली गेलेली नाही. त्या घरच्या गृहस्थांनाही प्रथम तो प्रकार रुचला नव्हता. ते मूळचे मॉरिशसचे. त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडून करारावर उसाच्या मळ्यांत गेले, आणि चार पिढ्यांनंतर हे स्वतः दुबईच्या हॉटेलांतील हिशेबांच्या वह्या सांभाळण्यासाठी आखातात आले. मळ्यातून वाचलेला पैसा फाशांवर जातो, हे त्यांच्या आजीचे एक ठाम मत होते आणि ते त्यांनी लहानपणी शंभरदा ऐकले होते. चिरंजीवांनी पुष्कळ समजावले: “बाबा, यात पैसा नाही. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. आम्ही फक्त गोष्ट खेळतो.” गोष्ट सांगतात, ऐकतात, ती खेळायची कशी, हे मात्र त्या गृहस्थांना उमगेना.

वस्तुतः कोकणच्या माणसाला हे उमगायला मुळीच कठीण पडू नये. सावंतवाडी-कुडाळकडचा दशावतारी नट रंगभूमीवर उभा राहतो तेव्हा त्याच्या हाती लिहिलेले संवाद नसतात. आज कोणते आख्यान, तुझे पात्र कोणते, एवढेच त्याला खेळाआधी सांगतात. पुढची वाक्ये त्याची त्याने जागच्या जागी जुळवायची, आणि समोरच्याने टाकलेला शब्द खाली पडू द्यायचा नाही. टेबलावरचा हा खेळ म्हणजे रंग न फासलेला दशावतारच. मुलांतील एक जण सूत्रधार होतो. तो गाव उभे करतो, वाटेत नदी घालतो, अरण्यात राक्षस ठेवतो. बाकीचे एकेक सोंग घेतात: कोणी वैद्य, कोणी चोर, कोणी धनुर्धर. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि विचारतो, “तुम्ही काय करता?” ज्याने त्याने आपल्या सोंगाच्या तोंडून उत्तर द्यायचे. करणी अवघड असेल तर ती साधली की फसली, हे फासा ठरवितो. खेळ एका बैठकीत संपत नाही. महिनोन् महिने चालतो. मॉरिशसच्या मराठी वस्त्यांत गणपतीपुढे जी झाकरी अजून नाचतात, तीत एका गड्याने उचललेला चरण दुसऱ्याने पुढे न्यावा लागतो. तसेच काहीसे हे.

पाश्चात्य जगात या खेळाचा जन्म १९७४ सालचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने त्याचे नियम छापले. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी जे युद्धाचे पट वापरीत, ते त्याचे दूरचे पूर्वज. पुढे १९८० नंतरच्या दशकात या खेळाने मुले बिघडतात, भुताखेतांच्या नादी लागतात, अशी हाकाटी अमेरिकेत फार झाली. आजीचे मत केवळ कोकणातच होते असे नाही म्हणायचे! आणि गंमत अशी की, ज्या खेळावर मने बिघडविल्याचा आळ आला, त्याच खेळाचा आधार पुढे मने सावरण्यासाठी घेतला जाऊ लागला.

परंतु त्या गृहस्थांच्या घरी तो खेळ कसा शिरला, हे त्याआधी सांगितले पाहिजे.

१९ मार्च २०२० रोजी मॉरिशसने आपल्या सीमा मिटून घेतल्या. त्यानंतर आठवड्याभरातच दुबईहून सुटणारी प्रवासी विमानेही थांबली. एप्रिलमध्ये त्यांची आई वारली. महामारीने नव्हे, वय झाले होते, हृदय थकले होते. पण एकुलता एक मुलगा पाच हजार किलोमीटरांहून अधिक दूर, ऊद मेथातल्या खोलीत अडकलेला. चुलतभावाने अग्नी दिला. मोजक्या चार माणसांत जे झाले, ते या गृहस्थांनी हातातल्या भ्रमणध्वनीवर पाहिले. आणि नेमकी चूड पुढे होत असता ते चित्र थिजले. आईच्या चेहऱ्याशी आलेला तो हात, न हलणारा, दोन-तीन मिनिटे तसाच राहिला. पुन्हा चित्र हलू लागले तेव्हा ज्वाळा उठल्या होत्या.

पुढचे वर्षभर घरच्यांना वाटले की हे दुःख आहे, ओसरेल. ते ओसरले नाही, आत उतरले. भ्रमणध्वनीची घंटा वाजली की त्यांच्या तळहातांना घाम फुटे. मॉरिशसची माणसे समोर दिसतील असा फोन ते घेईनासे झाले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी बेटाची दारे पूर्ण उघडली, तरी तिकीट काढावयाचे ते पुढे पुढे ढकलीत राहिले. गणेशोत्सवात ढोलकीवर बसणारा हा माणूस आता आरतीला मागच्या रांगेत उभा राही आणि प्रसाद घेऊन निघून जाई. कार्यालयात मात्र हिशेबात एक पैची चूक नाही! अशा माणसाला काही झाले आहे असे कोणास वाटणार?

एका शनिवारी खेळातला एक मुलगा आजारी पडला. चौथा गडी हवा होता. पत्नीने आग्रह केला, मुलाने हात धरला, आणि गृहस्थ टेबलाशी बसले. त्यांना नावाड्याचे सोंग मिळाले. पहिला तासभर त्यांनी ते बरे वठविले. एका लुटारूला त्यांनी भाड्याच्या हिशेबात असे गुंतविले की मुले हसून लोळली. घरात ते हसणे फार दिवसांनी ऐकू आले होते. मग सूत्रधार झालेल्या चिरंजीवांनी पुढचा प्रसंग सांगितला: रात्रीची वेळ, नदीला पूर, पैलतीरावर एक म्हातारी हातात दिवा घेऊन उभी आहे आणि हाका मारते आहे. “नावाडीदादा, तुम्ही काय करता?”

गृहस्थ काहीच बोलले नाहीत. मुलाने पुन्हा विचारले. त्यांनी फासा उचलला, मुठीत घट्ट धरला आणि तसाच मुठीत घेऊन ते आतल्या खोलीत गेले. दार लावून घेतले. रात्री ते जेवले नाहीत.

मुलाने हे मुद्दाम केले होते का? आईने विचारले तेव्हा तो रडू लागला. त्याला बाबांना दुखवावयाचे नव्हते. बाबा त्या दिवशी खेळायला बसतील हेही त्याला ठाऊक नव्हते. ती म्हातारी त्याने आठवडाभर आधीच लिहून ठेवली होती. त्यालाही आजी होतीच की! तिचे जाणे त्याने बाबांच्या खांद्यावरून, त्याच थिजलेल्या चित्रात पाहिले होते, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. आणि त्यानंतर घरात तिचे नाव कोणी काढीत नसल्यामुळे त्याने तिला नदीच्या पलीकडे, दिवा घेऊन, उभी केली होती. त्या प्रकारानंतर तीन आठवडे टेबलावर फासा वाजला नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. खेळ हे औषध नव्हे, आणि मुलाने मांडलेला डाव हा उपचार तर नव्हेच. सोंगाचा खेळ जखमेवर नेमका बोट ठेवतो. पण बोट ठेवणाराला जखम बांधता येत नसेल तर रक्तच वाहते. मराठी रसिकांना याचा दाखला शोधायला लांब जावे लागत नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकात काही मंडळी वेळ घालविण्यासाठी खोट्या खटल्याचा खेळ मांडतात. आरोपी म्हणून बेणारेबाईंना उभे करतात. आणि बघता बघता खोट्या खटल्यात खऱ्या आयुष्याची चिरफाड सुरू होते. खेळ थांबविण्याचा अधिकार त्या बाईला नव्हता. सारा फरक तेवढ्यात आहे.

पत्नीच्या आग्रहाने गृहस्थ एका समुपदेशक बाईंकडे गेले. जाण्यापूर्वी त्यांनी महिनाभर कुरकूर केली. आपल्यात असे कोणी जात नाही, असे म्हणाले. समुपदेशक बाईंनी नावांची घाई केली नाही. मानसिक आघातानंतरच्या विकाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या सूचीत १९८० साली स्वतंत्र स्थान मिळाले. न सरणारा शोक हाही एक विकार असू शकतो, हे मान्य व्हायला २०२२ साल उजाडले. या दोहोंच्या सीमेवर पुष्कळ माणसे उभी असतात. पहिल्या काही भेटी रीतसर बोलण्याच्या झाल्या, आणि त्या फारशा सफल झाल्या नाहीत. कारण गृहस्थ प्रत्येक प्रश्नाला हिशेबनिसासारखे उत्तर देत: तारीख, वेळ, विमानांची स्थिती. आई हा शब्द मात्र येत नसे. अखेर त्यांनीच एकदा सहज, किंचित ओशाळून, नावाड्याची हकीकत सांगितली. बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

सोंगातून मन मोकळे करण्याची कल्पना नवी नाही. याकोब मोरेनो हा बुखारेस्टमध्ये १८८९ साली जन्मलेला डॉक्टर व्हिएन्नात उत्स्फूर्त नाट्याचे प्रयोग करीत असे. पुढे अमेरिकेत जाऊन त्याने १९३६ साली न्यूयॉर्क राज्यातील बीकन या गावी रुग्णालय काढले आणि त्यात रंगमंच बांधला. रोग्याने आपले दुःख सांगू नये, करून दाखवावे. आणि जे आयुष्यात राहून गेले तेही तेथे करून पाहावे, अशी त्याची रीत होती. मोरेनो १९७४ साली वारला. म्हणजे टेबलावरचा खेळ छापून निघाला त्याच वर्षी. योगायोग म्हणून तो सोडून द्यावा. परंतु एकाचे काम दुसऱ्याने नकळत उचलले असे वाटल्यावाचून राहत नाही. १९९४ साली वेन ब्लॅकमन या मानसोपचारतज्ज्ञाने एका घुम्या, एकलकोंड्या तरुणाच्या उपचारात या खेळाचा उपयोग कसा झाला, ते एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. २०१७ साली सिअ‍ॅटलच्या परिसरात अ‍ॅडम डेव्हिस आणि अ‍ॅडम जॉन्स यांनी ‘गेम टू ग्रो’ ही संस्था याच कामासाठी काढली. अर्थात हे शास्त्र अजून बाळसे धरते आहे. आघातावर कसोटीला उतरलेले उपचार निराळे आहेत, आणि जाणते लोक खेळाला त्यांच्या जागी नव्हे, त्यांच्या जोडीला बसवितात.

त्या बाईंनीही तसेच केले. चार प्रौढ माणसांची एक छोटी मंडळी जमविली. पहिल्या बैठकीत खेळ नव्हताच; कोणाला काय सोसणार नाही, एवढेच बोलणे. एकाने आग नको म्हटले, एकीने लहान मूल हरवायला नको. कारण कोणीही विचारले नाही. मग बाईंनी टेबलाच्या मध्यावर फुलीची खूण असलेला एक कागदी पत्ता ठेवला. ज्याला प्रसंग असह्य होईल त्याने त्या पत्त्यावर बोट ठेवावे; तो प्रसंग तेथेच पुसला जाईल आणि खुलासा मागितला जाणार नाही. बेणारेबाईंच्या पुढ्यात असा एक पत्ता असता तर! खेळ संपल्यावर दर वेळी सोंग उतरविण्याचा विधी असे: ज्याने त्याने आपले खरे नाव उच्चारायचे, पाणी प्यायचे आणि सोंगाकडून काय घेतले, काय परत केले, ते एका वाक्यात सांगायचे.

गृहस्थांनी पुन्हा नावाडीच निवडला.

हे का उपयोगी पडते, याचे उत्तर पंडितांच्या ग्रंथांतून देता येईल. पण महाभारताने ते अधिक सुरेख दिले आहे. द्यूतात सर्वस्व हरून वनात बसलेला युधिष्ठिर बृहदश्व ऋषींना विचारतो की माझ्याहून अभागी राजा कोणी झाला आहे काय? ऋषी त्याला उपदेश करीत नाहीत. नळाची गोष्ट सांगतात. नळही फाशांनीच बुडालेला. त्याच्या अंगात कली शिरलेला. कर्कोटक नाग त्याला डसतो आणि त्याचे रूप कुरूप होते. तो बाहुक नावाचा सारथी बनतो. पण ते विष नळाला बाधत नाही, आत दडलेल्या कलीला जाळते. सोंग म्हणजे शिक्षा नव्हे, सोंग हा उपचार आहे! दमयंतीची दासी केशिनी त्या बाहुकाला नळाविषयी प्रश्न विचारते. स्वतःविषयी एक शब्द न काढणारा तो माणूस, ‘दुसऱ्या कोणाविषयी’ बोलता बोलता रडू लागतो. पुढे ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पाने-फळे मोजून दाखवितो, नळाला फाशांचे मर्म शिकवितो, आणि त्याच क्षणी कली त्याच्या देहातून निघून त्या झाडात शिरतो. प्राचीन काळी फासे बेहड्याच्या फळांचेच असत, हे लक्षात घेतले म्हणजे या कथेची खोच कळते. गोष्ट संपल्यावर बृहदश्वांनी युधिष्ठिराला तीच अक्षविद्या दिली. आणि अज्ञातवासात, हव्या त्या रूपाची मोकळीक असता, युधिष्ठिराने सोंग घेतले ते फासे खेळणाऱ्या कंकाचे. ज्याने घात केला, त्याच्याच शेजारी वर्षभर बसण्याचे.

सहाव्या बैठकीत नावाडी नदीशी आला. या वेळी बाईंनी आधी विचारून घेतले होते. पैलतीरावर कोण आहे, हेही त्यांनी ठरविले नाही, नावाड्यालाच विचारले. तो पुष्कळ वेळाने म्हणाला, “एक म्हातारी आहे. तिला वाटते, मी उशीर केला.”

“ती तसे म्हणते?”

“नाही. तिला वाटत असेल, असे नावाड्याला वाटते.”

“मग तुम्ही काय करता?”

आघाताचे खरे विष कोठे असेल तर ते या प्रश्नाच्या अभावात. त्या एप्रिलमध्ये त्या माणसाला कोणी विचारलेच नव्हते की तुम्ही काय करता. करण्यासारखे काही शिल्लकच नव्हते. आता तो म्हणाला, “वल्हे घेतो.” फासा पडला: चार. फार कमी. नाव प्रवाहात वाहून जाऊ लागली. तेव्हा मंडळीतल्या त्या बाईने, जिला मुलांचे हरवणे सोसत नव्हते, आपल्या धनुष्याच्या बाणाला दोर बांधून तो काठावरच्या झाडात मारला. दुसऱ्या दोघांनी दोर ओढला. नाव लागली, पण घाटापासून पुष्कळ खाली. म्हातारीपर्यंत नावाड्याला चिखलातून चालत जावे लागले. तेथे पोहोचल्यावर तो काय बोलला, ते त्या मंडळीत झालेल्या करारानुसार खोलीबाहेर गेलेले नाही. घरी आल्यावर त्यांनी पत्नीला एवढेच सांगितले की फासा चारच पडला, तरी तो माझा दोष नव्हता.

त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली असे मात्र नाही. उलट दोन दिवस ते अधिकच बेचैन होते. बाईंनी तसे होईल असे आधीच सांगितले होते.

मग त्यांना आठवला तो पणजोबांचा कागद. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांची दफ्तरे जपून ठेवलेली आहेत. तेथून त्यांच्या वडिलांनी तो उतरवून आणला होता. त्यावर एक क्रमांक, बापाचे नाव, गाव, उंची, अंगावरच्या खुणा. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख माणसे अशीच त्या बेटावर उतरली. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढून मळ्यांत पांगली. एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८६७ नंतर करार संपलेल्यांनाही स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना खिशात बाळगावा लागे. हे सारे इतिहासात नमूद आहे. नमूद नाही ते एवढेच की, त्यांतल्या कितीजणांचे आईबाप मागे कोकणात वारले, आणि ती बातमी त्यांना सहा महिन्यांनी मिळाली, दोन वर्षांनी मिळाली, की मिळालीच नाही. त्यांना थिजलेले चित्रसुद्धा लाभले नव्हते. त्या घराण्यात कोणीच आपल्या मृतांविषयी बोलत नसे, याचे कारण स्वभाव असे सारे समजत आले होते. आजी म्हणे, मराठा माणूस बोलत नाही. गृहस्थांना प्रथमच वाटले की ते स्वभावाचे नव्हे, सवयीचे असावे; आणि सवय कोठून तरी लागलेली असते.

त्यांनी तो कागद मुलापुढे ठेवला. मुलाने तो बराच वेळ वाचला. मग एखाद्या नव्या पात्राची नोंद करावी तसा कोरा कागद घेऊन तो विचारू लागला: पणजोबांना पोहता येत होते का? कशाची भीती वाटे? सोबत काय आणले होते? एकाही प्रश्नाचे उत्तर बापाजवळ नव्हते. “मग आपण ठरवू या,” मुलगा म्हणाला. त्यांनी ठरविले. कांबळे, एक विळी आणि ढोलकी, एवढे सामान पणजोबांना मिळाले. भीतीच्या रकान्यात काय लिहावे यावर दोघांचा वाद झाला आणि तो रकाना मोकळाच राहिला.

पुढच्या शनिवारी पुन्हा टेबल मांडले गेले. वेफर्सची परात आली, मित्र आले. निळा फासा मात्र सापडेना. तो गृहस्थांच्या कपाटात, परवान्यांच्या फाइलीखाली निघाला. मुलाने वडिलांकडे न पाहता, जाड कागदाचा एक तुकडा कापला, त्यावर पेन्सिलीने फुली काढली आणि ती टेबलाच्या अगदी मध्यावर ठेवली. गृहस्थांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि विचारले, “नदी आहे का आज?”

“आहे,” मुलगा म्हणाला. “पण पाणी उतरले आहे.”